पंख्याच्या हुकातून गळणारी गच्ची: सांगलीतील एका सोसायटीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत, नदीपासून चालत पोचता येईल अशा अंतरावर ही सोसायटी आहे. तळमजला आणि वर तीन मजले, एकूण बारा सदनिका, बांधकाम १९९४-९५ चे. गच्ची २० मीटर बाय १५ मीटर, म्हणजे सव्वातीन हजार चौरस फुटांच्या आसपास. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बांधकामाच्या गोष्टी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

सांगलीचा पाऊस तसा बेताचाच. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, सांगलीत सहाशे-सातशेच्या आतबाहेर. तरीही शहरात गच्ची गळत नाही अशी जुनी इमारत शोधावी लागते, कारण इथल्या गच्चीला पावसाआधी ऊन मारते. एप्रिल-मेमध्ये हवेचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सिमेंटच्या उघड्या गच्चीचा पृष्ठभाग दुपारी ५५ अंशांच्या पुढे जातो आणि पहाटे पुन्हा २२-२४ वर येतो. एक अंश तापले की एक मीटर काँक्रीट साधारण ०.०१ मिलिमीटर वाढते. म्हणजे ३५ अंशांच्या फरकाला २० मीटरची गच्ची सात मिलिमीटर वाढायला बघते. स्लॅबच्या पूर्ण जाडीत एवढा फरक पडत नाही. निम्मा धरला तरी रोज तीन-साडेतीन मिलिमीटरची ये-जा आहेच, आणि तीही तीस वर्षे. त्यात भर दुपारी तापलेल्या गच्चीवर वळवाची सर कोसळते आणि पृष्ठभाग काही मिनिटांत वीस अंशांनी उतरतो. भेगा इथे पडतात. जूनमध्ये पाणी त्या भेगा शोधते, आणि आपण पावसाला बोल लावतो.

या गच्चीवर मूळचा विटांच्या तुकड्यांचा कोबा होता, म्हणजे स्लॅबवर ढाळ देऊन घातलेला, पाणी अडवणारा जाड थर. त्यावर २००४ मध्ये सिमेंट आणि केमिकलची स्लरी (पातळ घोळ), २०११ मध्ये डांबरी मेम्ब्रेन (पाणी अडवणारी काळी चादर), २०१६ मध्ये पांढरे अ‍ॅक्रिलिक कोटिंग. दर वेळी ठेकेदार वेगळा, दर वेळी हमी कागदावर, आणि दर वेळी आधीचा थर न काढता नवा वर चढवलेला.

अडचण काय होती

मे २०२२ च्या एका वळवात तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त नर्स काकूंच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकू लागले. त्याआधी छताला ओल धरायची, पोपडे सुटायचे, भिंतीला लोणा लागायचा, ते सगळे सवयीचे झाले होते. पंख्यातून पाणी ही वेगळी गोष्ट. "पंखा लावावा का नको हेच कळंना झालंय," असे त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. पहिले काम इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या पॉइंटची लाइन तोडणे हे होते आणि ते त्याच दिवशी झाले. पुढचे काम सहा महिने रेंगाळले.

रेंगाळण्याचे कारण पैसे. तळमजल्यावरच्या सदनिकाधारकांचे म्हणणे, गळती वरच्यांची, वर्गणी आम्ही का द्यायची? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असते. हा मुद्दा सेक्रेटरींनी सभेत वाचून दाखवला. तरी वाद त्याने मिटला नाही. तो मिटला पुराच्या आठवणीने. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत तळमजल्याच्या तिन्ही घरांचे धान्य, गाद्या, कपाटातली कागदपत्रे गच्चीवरच नेऊन ठेवली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. "गच्ची आमची पण हाय, ते तर दोनदा कळलंय," असे तळमजल्यावरच्या एका दुकानदारांनीच सांगितले. वर्गणी बारा समान भागांत ठरली. हेच दुकानदार पुढे पत्र्याच्या शेडचा आग्रह धरणार होते, तो भाग खाली येतो.

तपासणी

गळती तपासायला मला नोव्हेंबर २०२२ मध्ये बोलावले. परतीचा पाऊस संपला होता, गच्ची वरून कोरडी दिसत होती आणि काकूंच्या छतावर तपकिरी कडेचा डाग होता.

पंख्याच्या हुकातून पाणी येते याचा अर्थ गळती हुकाच्या वर आहे असा कुणी काढू नये. स्लॅबमधून वायरिंगचे पाइप गेलेले असतात. कोब्याखाली पसरलेले पाणी जिथे पाइपाच्या सांध्यात शिरते तिथून ते पाइपातून वाहत जाते आणि पाइप जिथे उघडा पडतो, म्हणजे पंख्याच्या बॉक्सपाशी, तिथे बाहेर येते. २०१६ च्या ठेकेदाराने याच डागाच्या बरोबर वर कोटिंगचा जादा हात मारला होता. वीस-बावीस फुटांवर जे होते त्याला हात लावला नव्हता.

तिथे होत्या सळया. आपल्याकडच्या जुन्या इमारतींवर हे दृश्य सर्रास दिसते. उद्या मजला चढवायचा म्हणून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर हात-दीड हात सळया उभ्या ठेवायच्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्याभोवती कच्च्या काँक्रीटचा ठोकळा ओतायचा. या गच्चीवर असे सोळा ठोकळे होते. बहुतेक उभे चिरलेले, कारण गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. चिरेत नखाएवढे शेवाळ आणि त्याखाली गंजाचे पापुद्रे. पाणी सळईला धरून थेट खाली उतरत होते. कोब्याचा, मेम्ब्रेनचा, कोटिंगचा कुठलाच थर त्याच्या वाटेत नव्हता, कारण प्रत्येक थर ठोकळ्याला वळसा घालून गेला होता.

तरीही नुसत्या अंदाजावर सात लाखांचे काम काढायचे नाही, म्हणून पाणी कोंडून पाहिले. गच्चीचे मातीच्या बांधांनी चार वाफे केले आणि एकेका वाफ्यात दोन-अडीच इंच पाणी ४८ तास ठेवले. इथे एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. वाफ्याशेजारी उन्हातच पाण्याने भरलेली उघडी बादली ठेवायची आणि दोन्हींवर पातळीच्या खुणा करायच्या. बादलीत जेवढे उतरले तेवढे उन्हाने नेले, वाफ्यात त्याहून जास्त उतरले तर ते खाली गेले. ही बादली न ठेवता घेतलेल्या चाचणीवर ठेकेदार आणि सोसायटी यांची भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

दुसऱ्या वाफ्यात, जिथे सहा ठोकळे होते, तिसाव्या तासाला काकूंच्या पंख्याचा बॉक्स ओला झाला. पाण्याच्या टाकीच्या वाफ्यात काहीच झाले नाही. मात्र टाकी भरून वाहिली की पाणी पश्चिमेच्या कठड्यावर पडते आणि कठडा व स्लॅब यांच्या सांध्यातल्या आडव्या भेगेत जाते, हे टाकी मुद्दाम वाहू देऊन पाहिल्यावर कळले. ती भेग बाहेरून पश्चिम आणि दक्षिण बाजूला स्लॅबच्या पातळीवर सरळ रेघेसारखी दिसत होती. तापलेली गच्ची विटांच्या कठड्याला बाहेर ढकलते, त्याची ती खूण.

मग हातोडी घेऊन पूर्ण गच्ची ठोकून पाहिली. चिरलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण केली. निम्म्याहून अधिक भाग पांढरा झाला. दोन ठिकाणी कोबा स्लॅबपर्यंत उकरला तेव्हा डिसेंबरातही तळाच्या विटा हाताला ओल्या लागत होत्या. वरून मेम्ब्रेनने झाकल्यामुळे आत गेलेले पाणी वाळायला वाटच राहिली नव्हती. थरांची एकूण जाडी सरासरी १६० मिलिमीटर भरली. एका चौरस मीटरवर तीनशे किलोच्या वर वजन. लोकांचा वावर असलेल्या गच्चीवर माणसे-सामान यांचे वजन भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरतात. इथे नुसत्या थरांचेच त्याच्या दुप्पट होते. पुरात त्यावर तीन घरांचे सामानही होते.

निचऱ्याचीही तीच कथा. प्रत्येक थराने गच्ची वर आली, पाइपांची तोंडे होती तिथेच राहिली आणि त्यांच्या कडा लेप चढत चढत अरुंद झाल्या. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर या गच्चीवर १५ हजार लिटर पाणी पडते. दहा हजारांचे दीड टँकर. ते अडीच इंचांवर आलेल्या चार तोंडांतून जायचे, त्यातल्या एकात कबुतराचे घरटे.

कोणते पर्याय होते

पुन्हा कोटिंग करणे सगळ्यात स्वस्त होते, चौरस फुटाला ४५ रुपये, म्हणजे दीड लाखाच्या आत. सुटलेल्या थरावर लावलेले कोटिंग त्या थराबरोबरच सुटते आणि अ‍ॅक्रिलिकला साचलेले पाणी सोसत नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. डांबरी मेम्ब्रेनचा नवा थर ८५ रुपयांनी मिळत होता. तोही ओल्या कोब्यावर टाकला तर उन्हाने आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगे येतात, २०११ च्या थराला आले होते तसेच. शिवाय काळा पृष्ठभाग ऊन पितो. खालच्या मजल्यावर मे महिन्यात माणसे राहतात, हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

खरी चुरस पत्र्याची शेड आणि कोबा काढून नवा करणे, या दोघांत होती.

शेडच्या बाजूने बोलणारे अडाणी नव्हते. सांगली-मिरजेत दर चार घरांआड शेड दिसते ती उगाच नाही. ऊन थेट गच्चीवर पडत नाही, तिसरा मजला थंड राहतो, पाऊस पत्र्यावरून जातो. दुकानदारांचा मुद्दा तर बिनतोड होता: २०१९ ला गच्चीवर नेलेले सामान पुरातून वाचले आणि पावसात भिजले. शेड असती तर कोरडे राहिले असते. कोटेशन चौरस फुटाला २२० रुपये, एकूण सात लाखांवर.

माझा आक्षेप तीन गोष्टींना होता. महापालिकेची परवानगी हा पहिला, त्यावर सभेत कुणी फारसे बोलले नाही. दुसरा वाऱ्याचा. वळवाबरोबर येणारे वावटळीचे वारे पत्रा खालून उचलतात. शेडचे खांब स्लॅबला घट्ट धरलेले नसतील तर ती शेजाऱ्याच्या अंगणात जाते, आणि घट्ट धरायचे तर स्लॅबमध्ये बोल्टांची साठ-सत्तर भोके. म्हणजे गळती थांबवायला नवी भोके. तिसरा आक्षेप वजनाचा: ओला, सुटलेला, चौरस मीटरला तीनशे किलोचा कोबा शेडखाली तसाच राहणार होता आणि त्याखाली गंजत चाललेली स्लॅबची सळईही.

कोबा पूर्ण काढून, स्लॅब दुरुस्त करून, नवा कोबा आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचा (फरशीच्या तुकड्यांच्या थराचा) खर्च २१० रुपये चौरस फूट येत होता. मेम्ब्रेनवर इन्सुलेशनचे बोर्ड अंथरायची पद्धत उष्णतेसाठी याहून चांगली आहे, पण भाव दुपटीच्या पुढे गेला आणि ते काम हातखंड्याने करणारी टोळी जवळपास मिळाली नाही.

निर्णय आणि त्यांची कारणे

जानेवारी २०२३ च्या विशेष सभेत चार गोष्टी ठरल्या. त्यांतल्या दोन सोप्या नव्हत्या.

पहिली, सळया कापायच्या. इथे सभा दीड तास अडली. "सळई कापली म्हणजे वरचा मजला गेला," असे दोन सभासदांना वाटत होते. घरात कर्ता मुलगा आहे, उद्या वर खोली काढू, ही आशा त्या सळयांना चिकटलेली होती. त्यांना समजावताना आकडेमोडीचा उपयोग झाला नाही. एका ठोकळ्याचे काँक्रीट फोडून आतली सळई दाखवली तेव्हा झाला. १६ मिलिमीटरची सळई मुळाशी पेन्सिलीएवढी उरली होती. अशा सळईला जोड देऊन कुठलाही इंजिनिअर आज मजला चढवणार नाही. कधी चढवायचाच झाला तर इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून, खांबात भोके पाडून नवी सळई केमिकलने बसवावी लागेल. ठराव इतिवृत्तात सविस्तर लिहून घेतला, दोघांच्या हरकतीसह.

दुसरी गोष्ट शेडची. शेड नाकारली नाही, पुढे ढकलली. कापलेल्या सोळा जागांपैकी दहा जागी, खांबांच्या बरोबर डोक्यावर, एक फूट उंचीचे काँक्रीटचे नवे पक्के ठोकळे (पेडेस्टल) घ्यायचे आणि कोब्याचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात वर वळवलेला गोलसर लेप, त्यांच्या अंगावर चढवायचा असे ठरले. उद्या शेड, सोलरचा सांगाडा, काहीही बसवायचे झाले तर बोल्ट पेडेस्टलच्या माथ्यावर मारायचे. पाण्याची पातळी तिथे पोचत नाही. खर्च तीस हजारांच्या आत वाढला. दुकानदारांचे समाधान झाले आणि माझ्या मते संपूर्ण कामातला हा सगळ्यात पैसेवसूल निर्णय.

तिसरी गोष्ट, काम दोन टप्प्यांत करायचे. वर्गणी दोन हप्त्यांत येणार होती हे एक कारण. दुसरे कारण बायकांनी सभेत मांडले: मार्च-एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. कुरडया, सांडगे, पापड, वर्षाचे तिखट, सगळे गच्चीवर. पूर्ण गच्ची उकरली तर वाळवण कुठे घालायचे? ही मागणी थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती, बारा घरांचा वर्षाचा साठा होता. टप्प्यांची सीमा गच्चीच्या मधल्या कण्यावर ठेवायची एवढी अट मी घातली. कणा म्हणजे जिथून दोन्ही बाजूंना ढाळ उतरतो ती सगळ्यात उंच रेघ. दोन टप्प्यांचा सांधा तिथे असला तर त्यावर पाणी उभे राहत नाही.

चौथी, त्याच कण्यावर १२ मिलिमीटरचा सांधा मोकळा सोडून त्यात लवचीक सीलंट भरायचे, म्हणजे तापलेल्या कोब्याला सरकायला थोडी जागा राहील. यावर मिस्त्री नाराज. "सायेब, सांधा सोडला की पाणी तिथनंच जाणार बघा." त्यांचा अनुभव खोटा नव्हता, सांधा सखल जागी असेल आणि सिमेंटने भरला असेल तर तसेच होते. शेवटी सांध्याखाली दोन्ही बाजूंना एक फूट जाईल अशी मेम्ब्रेनची पट्टी टाकायची, या बोलीवर ते तयार झाले.

प्रत्यक्ष काम

पूर्वेकडचा अर्धा भाग फेब्रुवारीत घेतला. कोबा फोडायला ब्रेकर (विजेवरचे फोडयंत्र) न वापरता छिन्नी-हातोडी वापरायला लावली. ब्रेकरने काम दोन दिवसांत होते, पण खालच्या जुन्या स्लॅबला हादरे बसतात. स्लॅब उघडा पडल्यावर दोन ठिकाणी काँक्रीट पोकळ निघाले आणि वायरिंगच्या पाइपाचा सांधा सापडला, काकूंच्या पंख्याकडे जाणारा. गंजलेल्या सळया तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने बुजवल्या. उघड्या स्लॅबवर पुन्हा ४८ तास पाणी कोंडले. पाणी आधी उघड्या स्लॅबवर थांबले पाहिजे. तिथे गळत असेल तर वर काहीही करा, ते झाकणे होते.

कोब्याच्या विटा खणखणीत भाजलेल्या घेतल्या आणि तुकडे रात्रभर पाण्यात ठेवले. कोरडी वीट मॉर्टरचे पाणी शोषते. स्लरीचा हात, १:४ मॉर्टरची (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गादी, त्यावर बोटभर फटी ठेवून विटांचे तुकडे, फटी भरून वर २० मिलिमीटरचा घोटलेला थर. ढाळ शंभराला एक, म्हणजे साडेसात मीटरला ७५ मिलिमीटर. कठड्याला एक फूट उंच वाटा. निचऱ्याची तोंडे चार इंची नवी, जाळीसह, कोब्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली. सरासरी जाडी १०० मिलिमीटरवर आली. पूर्ण गच्चीचा हिशेब केला तर इमारतीच्या डोक्यावरचे तीस टनांच्या आसपास ओझे उतरले. दहा दिवस पाणी कोंडून ठेवले, मग पांढरे मोझॅक. या अर्ध्या भागाबद्दल लिहिण्यासारखे एवढेच. तो बिनबोभाट झाला.

पश्चिमेकडचा भाग मात्र एप्रिलवर गेला. दुसरा हप्ता उशिरा आला, मधे वाळवण झाले, आणि टोळी दुसऱ्या साइटवर अडकली. गावच्या जत्रेला जायचे म्हणून टोळीने वरचा थर एका दिवसात उरकायचा घाट घातला आणि सकाळी अकरा वाजता घोटाई सुरू केली. कोरडा वारा होता, ऊन डोक्यावर. चार वाजेपर्यंत थरावर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा. मिस्त्री तेच, विटा-सिमेंट तेच, प्रमाण तेच. फेब्रुवारीच्या भागात एकही भेग नाही आणि इथे कण्यापासून कठड्यापर्यंत जाळे. सिमेंट धरायच्या आत पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याने ओढून नेले की हेच होते.

इथे पुन्हा निर्णय घ्यावा लागला. ठेकेदार म्हणाला, वर मोझॅक येणारच आहे, भेगा झाकल्या जातील. सोसायटीतले काही जण पूर्ण थर काढा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी थर ठोकून पाहिला. सुमारे दोन-तृतीयांश भाग खाली पक्का धरलेला होता, भेगा वरवरच्या. तिथे पॉलिमर स्लरी घासून भरली. ज्या तिसऱ्या हिश्श्यात आवाज बद्द आला तेवढा थर काढून नवा केला. या वेळी पहाटे पाचला सुरुवात, नवाला थांबा, वर हिरवी जाळी, घोटाई होताच ओले गोणपाट आणि संध्याकाळी पाणी. एप्रिलच्या वाऱ्यात कोंडलेल्या पाण्यातून रोज आठ-दहा मिलिमीटर उडते. दीडशे चौरस मीटरला म्हणजे रोज बाराशे ते पंधराशे लिटरची भर घालावी लागली. ती बोअरवरून घातली, आणि कोण घालणार याची पाळी जिन्यात कागद लावून ठरवली. जादा खर्च ठेकेदाराने आणि सोसायटीने निम्मा-निम्मा सोसला, कारण करारात कामाच्या वेळेबद्दल एक शब्द नव्हता.

कठड्याच्या आडव्या भेगेत सिमेंट भरायचे नाही हे मिस्त्रींना तीनदा सांगावे लागले. ती भेग रोज उघडते-मिटते. सिमेंट तिथे एक उन्हाळा टिकत नाही. खाच पाडून सीलंट भरले, आतून पूर्ण आणि बाहेरून हाताला आली तेवढी.

परिणाम

एकूण खर्च साडेसात लाखांच्या आसपास झाला. २०२३ च्या पावसाळ्यात एक थेंब आला नाही म्हणून सोसायटीने पेढे वाटले. मला त्याचे फार कौतुक वाटले नाही, कारण त्या वर्षीचा ऑगस्ट देशभर विक्रमी कोरडा गेला होता. कसोटी लागली २०२४ मध्ये आणि त्याहून अधिक २०२५ मध्ये, जेव्हा पावसाने मे महिन्यातच ठाण मांडले. तापलेल्या गच्चीवर सलग पाऊस, म्हणजे सगळ्यात वाईट जोडी. काकूंचे छत कोरडे राहिले आणि पंखा पुन्हा त्याच हुकावर आहे.

उन्हाचा फरक अपेक्षेपेक्षा लवकर जाणवला. एप्रिलमध्ये पश्चिमेकडे पांढऱ्या कोटिंगखालचा जुना काळा थर उघडा असताना आणि पूर्वेकडे मोझॅक झालेले असताना, दुपारी तीनला इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले: काळ्या मेम्ब्रेनवर ६४ अंश, पांढऱ्या मोझॅकवर ४४. दोन्ही भागांखाली माणसे राहत असल्याने निकाल जिन्यातल्या गप्पांतच लागला होता. धुळीने ही पांढराई उतरते, म्हणून होळीनंतर एकदा गच्ची घासून धुवायची. पावसात शेवाळ धरते त्या कडेला घसरायला होते, ही मोझॅकची खोड आहे.

दोन कुरबुरी झाल्या. पश्चिमेच्या सदनिकेत २०२४ ला पुन्हा ओल आली. ती गच्चीची नव्हती, टाकीच्या व्हॉल्व्हची होती. टाकी वाहून पाणी भिंतीच्या बाहेरच्या भेगेत जात होते. व्हॉल्व्ह बदलला. दुसरी कुरबूर जास्त लागली. इंटरनेटची केबल टाकायला आलेल्या मुलाने गच्चीच्या वाट्यावरच ड्रिल मारून क्लिपा ठोकल्या, अकरा भोके. एवढे पेडेस्टल बांधून ठेवले होते, त्याला कुणी दाखवले नाही. भोके सीलंटने बुजवली, आणि आता गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. ड्रिल घेऊन आलेल्या माणसाबरोबर सोसायटीचा एक जण वर जातो.

काय वेगळे करता आले असते

सभा नोव्हेंबरमध्ये झाली असती तर दोन्ही टप्पे संक्रांतीच्या आसपास उरकले असते. दिवाळी ते फेब्रुवारी हा सांगलीत गच्चीच्या कामाचा काळ. हवा थंड, आभाळ कोरडे, वाळवण अजून लांब. इथे पैशांच्या वादात ते तीन महिने गेले आणि त्याची किंमत एप्रिलच्या भेगांत मोजली. उशीर झालाच होता तर दुसरा टप्पा पुढच्या हिवाळ्यावर टाकणे हा पर्याय सभेत मांडलाच गेला नाही. कण्यावर सांधा असल्यामुळे तो शक्य होता. मेम्ब्रेनचा जुना भाग आणखी एक पावसाळा गळला असता. पण त्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला हे सांगायला कोण तयार झाले असते, हा प्रश्न उरतोच.

करारात कामाची वेळ लिहायला हवी होती. मार्चनंतरची घोटाई सकाळी नवाच्या आत किंवा पाचनंतर, सावलीची जाळी ठेकेदाराची, पाणी कोंडण्याचे दिवस आणि पाण्याची सोय कुणाची. नंतरच्या दोन सोसायट्यांच्या करारांत ही कलमे घातली. ठेकेदारांनी कुरकुर केली आणि सही केली.

सळया कापण्याचा निर्णय २००४ मध्येच झाला असता तर पुढचे तीन थर कदाचित लागलेच नसते. मात्र त्या वेळी सळया चांगल्या दिसत असतील आणि मजला चढवण्याची आशाही ताजी असेल, तेव्हा हे आज म्हणणे सोपे आहे.

बाहेरची पश्चिमेची भिंत अजून तशीच आहे. परांची बांधून भेग खालपर्यंत उघडायची आणि गिलावा नवा करायचा, हे काम या दिवाळीनंतर धरले आहे. ज्या सभेत हे ठरले त्याच सभेत दुकानदारांनी शेडचा विषय पुन्हा ठेवला आहे. या वेळी महापालिकेच्या परवानगीच्या अर्जासह आणि दहा पेडेस्टलांच्या मापांसह.